तुझा ठेठरीवाला

प्रिय आई,

काल पोळा झाला. तुझ्याशिवायचा पहिलाच. सकाळी बेसन भिजवलं, ओवा घातला, तीळ घातले आणि ठेठरी वळायला बसले, तर दोरी काही बारीक होईना. तुझ्या हातून कशी सरसर निघायची! माझ्या सगळ्या जाडजूड झाल्या. तुझे जावई म्हणाले, या वर्षी ठेठरी केली आहेस की बैलाचा कासरा? हसू नकोस तू. खाल्ल्या मात्र त्यांनी भरपूर.

आज तान्हा पोळा. मनीषनगरातली सगळी पोट्टी लाकडी बैल घेऊन दारोदार खाऊ-पैशांचा बोजारा मागत फिरून राहिली आहेत आणि मी नवी साडी नेसून, बॅग भरून, हॉलमध्ये बसली आहे. मला न्यायला माणसं येणार आहेत. माहेरची माणसं. माझ्या नाही, तुझ्या माहेरची, आई! आता ही गोष्ट तुला नाही सांगायची तर कोणाला सांगू? त्यांना यायला अजून वेळ आहे आणि माझ्या हाताला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

सगळं पहिल्यापासून सांगते. 'पुढचं सांग वं लवकर' असं मध्ये मध्ये करू नकोस.

तुला माहेर नव्हतं. म्हणजे वडील होते, भिवापूरकडचं गाव सोडून नागपूरच्या गिरणीत लागलेले. दुसरी आईही होती आणि ती काही वाईट नव्हती. पण तुझी स्वतःची आई तू पाच-सहा वर्षांची असताना तापात गेली आणि तिच्याबरोबर तिच्याकडची सगळी माणसंही गेली. कोण होती, कुठली होती, कोणी सांगितलं नाही. लक्ष्मी नाव होतं, एवढंच तुला ठाऊक. तुझे वडील विषय काढला की विडी पेटवायचे आणि बाहेर जायचे.

हरतालिका आली, दिवाळी आली की आपल्या गल्लीतल्या बाया पिशव्या भरून निघायच्या. तू दारात उभी राहून सगळ्यांना निरोप द्यायचीस. जा वं बाई, न्यायला आले तर जावंच, असं म्हणायचीस. आणि आत आलीस की पोळ्या लाटता लाटता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं इतक्या सहज म्हणायचीस, "मले तं कोणी न्यायले आलंच नाही." मला भयंकर राग यायचा. तुझा नाही, त्या न आलेल्या लोकांचा. कसली माणसं ही! एक लेक दिली परमुलखात, ती मेली, तर तिची पोर जिवंत आहे का एवढंही बघायला येऊ नये?

दोन गोष्टी फक्त तुझ्या होत्या. पोळ्याला ठेठरी आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी कारल्याची भाजी नि भात. आख्ख्या गल्लीत कोणाकडे हे नव्हतं. मी कारलं बघून तोंड वाकडं करायचे, तर तू म्हणायचीस, माझी आई खायची, मीही रडत रडत खायची, तूही खा. आईचा चेहरा तुला आठवत नव्हता. बेसनाची दोरी वळणारी तिची बोटं आठवत होती. त्या आठवणीवर तू ठेठरी शिकलीस, कितीतरी पोळे बिघडवून.

आणि ठेठरी तळताना दरवर्षी तीच गोष्ट. मला पाठ होती. तुम्ही गिरणीजवळच्या वस्तीत नवेच राहायला आला होता. त्याच पावसाळ्यात तुझी आई गेली होती. तोच ताप तुलाही येऊन गेला होता, म्हणून तुझं डोकं भादरलेलं. पोळा होऊन गेल्यावर एक उंच माणूस गल्लीत आला. काखेत छत्री, हातात गाठोडं. कोण्या बाईचं नाव घेऊन विचारत होता. बाया म्हणाल्या, अशी इथं कोणी नाही. त्यानं पोरांनाही विचारलं, तूही मान हलवलीस. मग तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला, गाठोडं सोडलं आणि सगळ्या पोरांना एक एक ठेठरी दिली. तुला तर पोरगाच समजला. "ले बाबू" म्हणाला आणि तुझ्या हातावर दोन ठेवल्या.

"आईच्या हातची होती तशीच वं," तू म्हणायचीस. "एक पैसा नाही घेतला त्यानं. भला माणूस होता ठेठरीवाला."

मी विचारायची, कोणत्या बाईला शोधत होता तो? तू म्हणायचीस, नाव नाही आठवत बापा, आपल्या इकडलं नव्हतं. पुढच्या पोळ्याला तू त्याची वाट बघायचं ठरवलं होतंस. पण तोवर तुझ्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि खोली बदलली. ठेठरीवाला तुला परत भेटला नाही.

आता तुझ्या जावयांकडे ये. त्यांना निवृत्त झाल्यापासून वंशावळीचं वेड लागलंय, हे तू बघितलंसच. आम्ही लांजेवार म्हणजे मूळ लांजीचे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. जन्ममृत्यूच्या नोंदींच्या जुन्या कोतवाल पंज्यांच्या नकला काढायच्या. शेवटी एक भला मोठा कागद चौकट करून भिंतीवर लावला. पणजोबा, खापर पणजोबा, त्यांचे बाप. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हटलं, अहो, या सगळ्यांना जन्म कोणी दिला? ते म्हणाले, बायकांची नोंद सापडत नाही. सापडेल कशी? एका कागदावर एक नाव, लग्नानंतर दुसरं, आणि बऱ्याच ठिकाणी तर नुसतं 'बायको'. तू बाजूला बसून वाटाणे सोलत होतीस.  पण त्या कागदाकडे तू ज्या नजरेनं बघत होतीस ती मला दिसली.

ऋचाला मी फोनवर हे सांगितलं. तुझी नातच ती! गेल्याच्या गेल्या दिवाळीत परदेशातून आली ती बॅगेत डीएनए तपासायच्या नळ्या घेऊनच. आजी, यात थुंक, आपण तुझं माहेर शोधू. तू पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. घरातल्या घरात, दिवाळीच्या दिवशी, सगळ्यांसमोर थुंकायचं म्हणजे काय! नळी भरेना तेव्हा ऋचानं तुझ्यासमोर चिंचेचं बुटुक धरलं. मग भरली.

झाकण लावताना तू म्हणालीस, "थुंकून का कोणाचं माहेर सापडते वं, पोरी?"

निकाल आला तेव्हा तुझंच खरं वाटलं. मध्य भारताच्या नकाशावर एक मोठा हिरवा डाग. नागपूरपासून पार रायपूर-बिलासपूरच्याही पुढपर्यंत. तू डोळ्याला फोन लावून बघितलंस आणि म्हणालीस, हे सांगायला यांना थुंकी कशाला पाहिजे होती, मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आपण सगळे हसलो. नातेवाइकांच्या जागी कोणीच नव्हतं. ऋचा म्हणाली, आज नाही तर उद्या, तिकडचं कोणी थुंकलं तर कळेल. मी मनात म्हटलं, झालं, आता छत्तीसगडवाल्यांच्या थुंकीची वाट बघत बसा.

तू वाट बघायला थांबली नाहीस.

धंतोलीच्या त्या दवाखान्यातले तुझे शेवटचे दिवस. सिस्टर 'शकुंतलाबाई, शकुंतलाबाई' करून हाका मारायची आणि तू ओ द्यायची नाहीस. डॉक्टर म्हणाले, शुद्ध कमी होत चाललीय. मला काय वाटलं कोण जाणे, मी तुझ्या कानाशी वाकले आणि 'गोदा' म्हटलं. तुझं लहानपणचं नाव. आयुष्यात कधी मी तुला नावानं हाक मारली होती का? तू डोळे उघडलेस. चांगले टक्क उघडलेस आणि माझ्या मागं कोणीतरी उभं असल्यासारखं दाराकडे बघितलंस. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी ऋचाचा फोन आला. तिला बोलताच येईना. मला वाटलं, काही बरंवाईट झालं. शेवटी म्हणाली, आई, आजीची माणसं सापडली. राजनांदगावचा विनय साहू म्हणून एक मुलगा, ऋचाच्याच वयाचा, बंगळूरला नोकरीला. त्यानं गंमत म्हणून थुंकून पाठवलं आणि त्याच्या पानावर सगळ्यात वर तुझं नाव आलं. जवळचं रक्ताचं नातं! तुझ्या थुंकीनं तुझं माहेर शोधलं, आई, आणि तेव्हा तू नाहीस. तुला थोडं थांबता आलं नसतं का वं?

दोन दिवसांनी विनयनं आपल्या वडिलांशी बोलणं करून दिलं. रामलाल नाव. तुझे मामेभाऊ, म्हणजे माझे मामाच. पांढऱ्या मिशा, आणि तुझ्यासारखंच बोलताना कपाळ चोळतात. ते छत्तीसगडी बोलत होते, विनय मध्ये मध्ये हिंदीत समजावत होता. पण मला बरंचसं तसंच कळलं.

त्यांचे वडील दुकालू. दुकालूंना एकच बहीण, सुखबती. तिला महाराष्ट्रात भिवापूरकडे दिली होती. सुखबती, आई! तुझ्या आईचं नाव सुखबती. लक्ष्मी ती लग्नानंतर झाली. सासरी तांदळाच्या ताटात तिच्या नवऱ्यानं अंगठीनं नाव काढलं आणि त्या दिवसापासून तिला कोणी सुखबती म्हटलं नाही. माहेरच्यांच्या मात्र हे गावीही नव्हतं. त्यांच्यासाठी ती सुखबतीच.

त्यांच्याकडे हरतालिकेला तीजा म्हणतात. दिवाळीपेक्षा मोठा सण. पोळा झाला की भाऊ निघतो आणि बहिणीला माहेरी घेऊन येतो, ती म्हातारी झाली तरी. आदल्या दिवशी सगळ्या लेकी एकत्र बसून कारलं-भात खातात आणि दुसऱ्या दिवशी उपास धरतात. मी मध्येच म्हटलं, मामा, कारलं आमच्याकडेही असतं. मामांनी विनयकडून ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

दुकालू दरवर्षी भिवापूरकडे जाऊन बहिणीला आणायचे. तू झाल्यावर मधली काही वर्षं त्यांचं जाणं झालं नाही आणि मग एका वर्षी गेले तर घराला कुलूप. गाववाले म्हणाले, नागपूरला गेले, गिरणीत. ते तसेच नागपूरला आले. गिरणीजवळच्या वस्तीत दारोदार विचारलं, सुखबती कुठं राहते? कोणालाच ठाऊक नाही. नवऱ्याचं नाव नसेल का सांगितलं? सांगितलं. पण त्या वस्तीत प्रत्येक जण आपापल्या गावावरून ओळखला जायचा. तुझ्या वडिलांना सगळे भिवापूरवाले म्हणायचे. नाव-आडनाव विचारतं कोण? आणि तुझी आई तर तोवर गेलेलीच होती. तिच्या माहेरी कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

 मी विचारलं, मामा, ते येताना बरोबर काय घेऊन यायचे?

"छाता, लुगरा, अउ ठेठरी," मामा म्हणाले.

छत्री. बहिणीसाठी लुगडं. आणि घरून तिच्या वाट्याची ठेठरी. लुगडं परत यायचं, ठेठरी यायची नाही. मामा म्हणाले, बापूंनी ती गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलेली असायची. पाय चालत होते तोवर ते दरवर्षी नागपूरला येत राहिले.

आई, तो ठेठरी विकायला आला नव्हता गं! तो तुझा मामा होता. बहिणीला न्यायला आला होता, आणि ती नाही हे कळलं असतं तर तुला कडेवर घेऊन गेला असता. तू त्याच्यासमोर उभी होतीस. भादरलेल्या डोक्याची, हात पुढं केलेली. त्यानं तुझ्या आईचं नाव घेतलं आणि तू मान हलवलीस, कारण ते नाव तू जन्मात ऐकलं नव्हतंस. पाच वर्षांच्या पोरीवर कोण रागावेल? पण मी रागावले. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले आणि तुला काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही.

तुझे जावई म्हणाले, तो दुसरा कोणीही असू शकतो, पुरावा काय? मी म्हटलं, नागपुरात ठेठरी कोण विकतं ते सांगा. 

आणि खरं सांगू? तुझ्यावर एक राग अजून शिल्लक आहे. माझ्या लग्नात यांच्या मामांनी सुचवलेलं नाव तांदळात लिहिलं गेलं, आणि मंगलाची वैशाली झाली. मी खोलीत जाऊन तुझ्याजवळ रडले, तेव्हा तू माझे डोळे पुसत म्हणालीस, "नाव बदललं तं काय बिघडते वं? माणूस तं तेच राहते." बघ आता काय बिघडते ते! एका नावापायी तुझं आख्खं माहेर गेलं. तुला ठाऊक असतं तर तू तसं बोलली नसतीस, हे मला कळतं. तरी आज भांडावंसं वाटतं, आणि भांडायला तू नाहीस.

मामांना मी म्हटलं होतं, मी गाडीनं येते, सरळ रस्ता आहे, काही तासांचा प्रश्न. ते चक्क रागावले.

"तीजा बर बेटी अपन मन से नइ आवय. लेवाय बर जाथन."

तीजेला लेक आपल्या पायानं येत नसते, तिला आणायला जावं लागतं. या वयातही ते स्वतः येणार म्हणून हटून बसले. मग म्हणाले, तुझं माहेरचं नाव काय? मी सांगितलं, मंगला. म्हणाले, मग आम्ही तुला मंगलाच म्हणणार.

थांब आई, खालून वॉचमनचा फोन वाजतोय. आलेच.

आले परत. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक बुजुर्ग आए थे, किसी मंगला को पूछ रहे थे. मैंने बोल दिया, इस नाम की यहाँ कोई नहीं रहती. आप किसी को जानती हैं क्या?"

एवढी वर्षं इथं राहते मी. पाटीवर लांजेवार, सोसायटीत वैशाली मॅडम. त्याला काहून माहीत असणार? आणि मी शहाणी, सकाळपासून साडी नेसून बसले, पण खाली जाऊन एवढं सांगायचं मला सुचलं नाही! मी फोनमध्ये ओरडले, "भय्या, रोको उनको. मंगला मैं हूँ." लिफ्टची वाट बघितली नाही. चपला घातल्या नाहीत. तुझे जावई मागून ओरडत होते, अगं गुडघे, गुडघे.

फाटकाबाहेर विनय, इमारत चुकली समजून, रस्त्याच्या कडेला गाडी वळवत होता. मामा पाठमोरे त्याच्याकडे चालले होते. उंच, थोडे वाकलेले, काखेत छत्री. तू सांगायचीस अगदी तसे. बैलवाली पोट्टी त्यांच्याभोवती जमली होती आणि ते पिशवीतून काढून एकेकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. काय ते तुला सांगायला नको.

मी 'मामा' अशी हाक मारली. ते वळले. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मंगला?"

"हाव," मी म्हटलं. 

आता ते आत बसले आहेत. भिंतीवरचा तो कागद चष्मा लावून बघताहेत आणि यांना विचारताहेत, यात आमची सुखबती कुठं आहे?  माझी ठेठरीही त्यांच्यासमोर ठेवली आहे. एक खाल्ली, म्हणाले, जाड आहे, पण घरचीच आहे. चहा झाला की निघायचं. लुगडी दोन आणली आहेत. एक माझं, एक तुझं.

तेव्हा ऐक, आई. तिथं पाऊल टाकल्याबरोबर मी आधी तुझं नाव सांगीन. शकुंतला नाही. सुखबतीची गोदा. कारलं-भात तुझ्या वाट्याचाही खाईन, तोंड वाकडं न करता. आणि शब्द देते, माझ्या घरातल्या कोण्या पोरीचं नाव यापुढं तांदळात कोणाला लिहू देणार नाही. तुझं लुगडं आधी तुझ्या फोटोसमोर ठेवते आणि मग बॅगेत घालते. चल, तुला न्यायला आले आहेत.

तुझी,
मंगला